परमाणूचं तिसरं चित्र

कल्याणराव मास्तरांनी दाव्याचं टोक तिवड्याला गुंडाळलं, वर एक पक्की गाठ मारली, ओढून पाहिली आणि हात झटकत ते पोरांकडे वळले.

“हा मधला खांब म्हणजे परमाणूचं बीज. आणि हा बैल म्हणजे बीजाभोवती फिरणारा कण. लक्षात आलं?”

खळ्याच्या कडेनं सहावीची पोरं उकिडवी बसली होती. फाल्गुनातलं ऊन डोक्यावर चढलं होतं, मळणी अर्ध्यावर थांबवलेली होती, आणि खळ्याचा मालक उत्तरेश्वर कडब्याच्या गंजीला टेकून मजा बघत होता. पाटोद्यात आजवर कुणी बैलाला शाळेत घातलं नव्हतं.

“मास्तर, गाठ मी मारून देऊ का?” त्यानं विचारलं.

“नको नको. जमलंय.”

जमलं कसलं! कल्याणराव हे बाजारातल्या शंकरप्पा वाण्यांचे चिरंजीव. लहानपण गेलं दुकानात, गुळाच्या ढेपी आणि मिठाची पोती रचण्यात. पुढं हैदराबादेच्या कॉलेजात गेले, वडील वारल्यावर शिक्षण अर्धवट टाकून परत आले आणि सरकारी मदरशात, म्हणजे उर्दूत शिकवणाऱ्या शाळेत, मास्तर झाले. इंग्रजी वाचायचे, विलायतेतल्या विद्वानांची नावं तोंडपाठ. पण मळणीचं दावं त्यांनी जन्मात बांधलं नव्हतं. खळ्यावर दाव्याचं कडं तिवड्याभोवती सैल ठेवतात, म्हणजे बैल फिरला की कडंही फिरतं. मास्तरांनी मारली होती ती पोत्याच्या तोंडाची गाठ.

बैल चालू लागला. मास्तर उत्साहानं बोलत होते. सरकारी पुस्तकात लिहिलंय, परमाणू म्हणजे टणक गोटी, ती कशानंच फुटत नाही. ते झालं पहिलं चित्र. मग एका विद्वानाला त्या गोटीतूनही बारीक कण बाहेर पडताना दिसले. म्हणून दुसरं चित्र आलं. दिवाळीत मास्तरांनी वर्गात सीताफळ फोडून दाखवलं होतं, गरात बिया रुतलेल्या असतात तसे परमाणूत कण रुतलेले. त्या दिवशी सगळ्या वर्गानं परमाणू चाटूनपुसून खाल्ला होता.

“पण तेही चुकलं,” मास्तर म्हणाले. “रदरफोर्ड म्हणून एक साहेब आहे. त्यानं सोन्याचा वर्ख घेतला, मिठाईवर लावतात तसा. त्याच्यावर लई बारीक कणांचा मारा केला. बहुतेक कण आरपार गेले. पण एखादा पार उलटा फिरून आला! म्हणजे आत काय असलं पाहिजे? सगळी पोकळीच. आणि मधोमध काहीतरी एवढंसं, पण घट्ट. या खळ्यासारखं. म्हणून हे तिसरं...”

पोरं खिदळायला लागली. मास्तरांनी मागं वळून पाहिलं. प्रत्येक फेऱ्याला दावं तिवड्यावर गुंडाळलं जात होतं आणि बैल आत-आत येत होता. बघता बघता त्याचा खांदा खांबाला घासला. मान वाकडी करून तो बिचारा जागच्या जागी उभा राहिला.

“मास्तर, तुमी बैलाचं पोतं बांधलं की वो!” उत्तरेश्वर पोट धरून हसला आणि गाठ सोडायला उठला.

मास्तरही हसले, पण कान तांबडे झाले होते. तेवढ्यात उत्तरेश्वरचा पोरगा बिभीषण उभा राहिला. वर्गातला सगळ्यात हुशार, आणि तितकाच चिवट. एखादी गोष्ट कळल्याशिवाय सोडायची नाही, ही त्याची खोड.

“मास्तर, परमाणूत दावं न्हाई ना?”

“नाही. तिथं नुसती ओढ असते. बीज कणाला आपल्याकडं ओढत असतं.”

“ओढतंय, तर मग कण आत कावून येत न्हाई?”

“फिरतोय म्हणून.”

“पर फिरणारा कवातरी थकतोच की. थकला की आलाच आत, ह्या बैलावानी. मग तर सगळं खळंच मोडंल. जगात काईच उभं राह्यचं न्हाई.”

उत्तर मास्तरांना येत नव्हतं. पुण्याच्या मित्रानं पाठवलेल्या जुन्या इंग्रजी मासिकात हे नव्हतं. नंतरच्या अंकात असेलही, पण ते पाटोद्याला कोण पाठवणार? पोरं बघत होती, उत्तरेश्वर बघत होता, बैलाचा फजितवाडा ताजा होता. मास्तरांचा तोल गेला.

“लई शहाणा झालास का रे? तिकडं विलायतेत एवढे विद्वान काय झोपा काढतात? सांगितलं तेवढं घे आणि खाली बस!”

बिभीषण खाली बसला. मास्तरांना मात्र आपलंच वाक्य ओळखीचं वाटलं. दिवाळीत सीताफळाचं प्रकरण कळल्यावर सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर धोंडीराम यांनी त्यांना हेच ऐकवलं होतं. फक्त विलायतेच्या जागी हैदराबाद होतं. खळ्यावरून ते सहावीला घेऊन परतले ते मान खाली घालूनच.

मदरशात धोंडीराम मास्तर वाटच बघत होते.

“कल्याणराव, मुआयना लागला. मोहतमीम साहेब या आठवड्यात तपासणीला येतायत. आणि तुम्ही पोरांना घेऊन खळ्यावर? मराठीत शिकवत होता ना?”

“मराठीतच. उर्दूत पोरांना पाठ होतं, समजत नाही.”

“अहो, परवानगीवाचून माणसं जमवली म्हणून उद्या पोलिसांचे अमीन साहेब दारात उभे राहतील. मी पेन्शनीला आलेला माणूस आहे हो!” धोंडीराम मास्तरांनी उपरण्यानं मान पुसली. वाईट माणूस नव्हता तो. भित्रा होता, आणि त्या काळात भित्रं असायला कारणंही पुष्कळ होती. “साहेब दरसाल शास्त्राचा एकच प्रश्न विचारतात. जौहर तुटतो का? आणि उत्तरही एकच असतं.”

जौहर म्हणजे परमाणू. पुस्तकातला शब्द.

“तुटतो,” कल्याणराव म्हणाले.

“तुटत नाही! पुस्तकात लिहिलंय.”

“पुस्तक जुनं झालं.”

“उद्या म्हणाल सरकार जुनं झालं!”

दोघांनीही एकदमच दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. धोंडीराम मास्तरांनी आवाज खाली आणला.

“एक चित्र शिकवा, कल्याणराव. कुठलंही एक. पोरांना एकच गोष्ट सांगावी, ती शेवटपर्यंत तशीच राहावी. तुम्ही आज एक सांगता, उद्या तीच पुसता. अशानं पोरांचा कशावर विश्वास राहील?”

“मी तिन्ही शिकवणार. कुणी काढली, कशावरून काढली आणि का पुसली, सगळं. पुसलं कसं जातं हे पोरांना कळलंच पाहिजे. त्याशिवाय शिकवून उपयोग काय? आपण काय पोपट पाळलेत?”

“नोकरी जाईल.”

“जाऊ दे. वडिलांचा तराजू अजून भिंतीला टांगलेला आहे.”

मग धोंडीराम मास्तरांनी असं काही विचारलं की कल्याणरावांची मान ताठच्या ताठ राहिली, पण आतून हवा गेली.

“आणि बिभीषणच्या वजिफ्याचं काय?”

उत्तरेश्वरनं स्पष्ट सांगितलेलं होतं. सरकारचा वजिफा, शिष्यवृत्ती म्हणा, मिळाला तर पोरगा पुढं बीडच्या मोठ्या शाळेत जाईल. नाही मिळाला तर औत धरेल. दोन्हीत त्याला कमीपणा नव्हता, पण पदरचं खाऊन बीडला ठेवायची त्याची ऐपत नव्हती. वजिफा कुणाला द्यायचा ते मोहतमीम साहेब मुआयन्याच्या वेळी ठरवायचे. आणि शास्त्राचा प्रश्न ते नेहमी पहिल्या नंबराच्या पोराला विचारायचे.

घरी शिवगंगाबाई ज्वारी निवडत होत्या. नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं, सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

“खरं सांगू?” त्या म्हणाल्या. “नोकरी सोडायची तर खुशाल सोडा, मी काही रडत बसणार न्हाई. तुमची हौस, तुमचा हट्ट, किंमतही तुम्हीच मोजा. पण परमाणू फुटायचा तवा फुटेल. त्या लेकराचं नशीब तुमच्या हातानं फोडू नका.”

सकाळी कल्याणराव इष्टलिंग हातात घेऊन पूजेला बसले, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. हेडमास्तरांशी भांडणं सोपं होतं. सरकारशी भांडणंही एक वेळ सोपं. पण हे ओझं भलत्याच माणसाच्या डोक्यावर जात होतं, आणि ते डोकं जेमतेम मिसरूड फुटू लागलेल्या पोराचं होतं.

मुआयन्याच्या दिवशी ते लवकर वर्गात गेले. खळ्यानंतर वर्गात काढलेलं तिसरं चित्र फळ्यावर तसंच होतं, मधे ठिपका आणि भोवती गोल. त्यांनी फडकं शोधलं, सापडलं नाही, मग कोटाच्या बाहीनंच ते पुसून काढलं. बिभीषण पाण्याच्या रांजणापाशी हात-पाय धूत होता. त्याला त्यांनी जवळ बोलावलं.

“साहेबांनी विचारलं तर पुस्तकातलं सांग.”

“पुस्तकातलं तर चुकलंय ना, मास्तर?”

“चुकलंय.”

“मग?”

“मग काय? मग काही नाही! वजिफा घे, बीडला जा. तिथं काय विचारायचं ते विचार. आज फक्त गप्प बस. एवढं एक ऐक माझं.”

पोरानं ओल्या पायांकडं पाहिलं.

“तुमी म्हणताव तर बसतो गप.”

मास्तरांना वाटलं होतं, ओझं उतरेल. उतरलं नाही. बाहीला लागलेला खडू झटकत ते वर्गात गेले, आणि दिवसभर ती बाही त्यांना पांढरीच दिसत राहिली.

मोहतमीम साहेब टांग्यातून आले. वयस्क, सावकाश बोलणारे गृहस्थ. सारी उमर या मुलुखात काढलेली, त्यामुळं मराठी चांगलं समजायचं, बोलायचे मात्र उर्दूतच. वर्गात सतरंजी अंथरली होती म्हणून जोडे दारातच काढून ते खुर्चीवर बसले. हजेरी पाहिली, पाढे ऐकले, दोघातिघांचं हस्ताक्षर पाहून मान हलवली. मग बिभीषणला उभं केलं.

“बोलो बेटा, जौहर टूट सकता है?”

बिभीषणनं हाताची घडी घातली आणि पुस्तकातला उतारा धडाधड म्हणून दाखवला. एक काना इकडचा तिकडं झाला नाही. जौहर टूट नहीं सकता. जौहर बदल नहीं सकता.

“शाबाश!” साहेब खूश झाले. “वजिफ़े के लिए इसी का नाम लिखता हूँ.” आणि त्यांनी तिथल्या तिथं नाव लिहिलंही.

धोंडीराम मास्तरांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की पहिल्या रांगेतली पोरं हसली. कल्याणराव फळ्याजवळ उभे होते. मनासारखं झालं होतं, आणि तोंडात कडू चव आली होती. ज्या पोरानं बैलावरून परमाणूत खोट काढली, त्याला त्यांनी स्वतः पढवून पोपट केलं होतं.

साहेब पेन ठेवता ठेवता सहज म्हणाले, “कुछ पूछना है?”

हे ते दरसाल म्हणायचे. कुणीही कधी काही विचारत नसे. मुआयना संपल्याची ती खूण होती, एवढंच.

बिभीषण खाली बसला नाही. त्यानं कल्याणरावांकडं पाहिलं. कल्याणरावांनी हळूच मान हलवली, नको. पोरानं ते पाहिलं, चांगलं पाहिलं, आणि तोंड साहेबांकडं वळवलं.

“साब, ये किताब कौनसे साल की है?”

“क्यों भाई?”

“इसके बाद की कब आएगी?”

साहेबांना गंमत वाटली. “बाद की किसलिए? इसमें क्या कमी है?”

उर्दू तिथं संपली. पुढचं बिभीषण आपल्या भाषेत बोलला.

“ही चुकलीय म्हणून.”

धोंडीराम मास्तर उठायला गेले, परत बसले. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं.

“अभी तो तुमने सुनाया.”

“तुमी पुस्तकातलं इचारलं, मी पुस्तकातलं सांगितलं. खरं इचारलं आसतं तर खरं सांगितलं आसतं.”

साहेबांनी खुर्ची वळवली. “मास्टर, ये आपने सिखाया?”

“नाही, साहेब,” कल्याणराव म्हणाले.

धोंडीराम मास्तरांच्या जिवात जीव आला. पण कल्याणराव थांबले नव्हते.

“मी आज सकाळी याला गप्प बसायला शिकवलं. तेवढं काही तो शिकला नाही. बाकी सगळं मीच शिकवलंय. मराठीत शिकवलंय, खळ्यावर नेऊन शिकवलंय आणि पुस्तकाच्या विरुद्ध शिकवलंय.”

“आप जानते हैं, मुझे क्या लिखना पड़ेगा?”

“लिहा. नाव नीट लिहा. कल्याणराव शंकरप्पा.”

“और ये वजिफ़ा?”

स्वतःचं असतं तर कल्याणरावांनी दुसरं उत्तरही तसंच फेकलं असतं. त्यांनी पोराकडं पाहिलं. बिभीषणचा चेहरा उतरला होता, बीडची वाट आता त्याला दिसेनाशी होत असणार, तरी त्याची नजर खाली गेली नव्हती.

“मास्तरांनी नगं म्हणलं होतं, साब. मी माझ्या मनानं इचारलं.”

साहेबांनी पेन उचललं. थोडा वेळ तसंच धरलं. मग लिहिलेल्या नावावर आडवी रेघ मारली आणि उठले.

“मुआयना ख़त्म.”

कल्याणरावांनी संध्याकाळी उत्तरेश्वरपुढं कोणत्या तोंडानं उभं राहायचं? आणि मग त्यांना संताप आला. साहेबांचा नव्हे. साहेब पुस्तकाचे नोकर, त्यांनी रेघ मारली. पण साहेब येण्याआधी, कुणी सांगितलेलं नसताना, फळा कुणी पुसला होता?

ते फळ्याकडं वळले आणि त्यांनी खडू घेतला.

“बसा रे सगळे. कुठं निघालात? साहेबांचा मुआयना संपला. आपला तास राहिलाय.”

उठलेली पोरं परत बसली. मास्तरांनी गोटी काढली, तिच्यावर फुली मारली. सीताफळ काढलं, त्याच्यावर फुली मारली. मग मधे ठिपका आणि भोवती मोठा गोल काढला.

“हे तिसरं. हे मी तुम्हाला खरं म्हणून सांगितलं. बिभीषणनं शंका काढली, तर मी त्याच्यावर खेकसलो. का खेकसलो? तर उत्तर येत नव्हतं म्हणून. आजही येत नाही. हेडमास्तरांनाही येत नाही, साहेबांनाही येत नाही. पुस्तकाला तर प्रश्नच माहीत नाही.”

“कल्याणराव!” धोंडीराम मास्तर दारातून दबक्या आवाजात ओरडले.

“बिभीषण, ऊठ. इकडं ये. हे चित्र का चुकलंय ते या सगळ्यांना सांग.”

त्यांनी खडू पोराच्या हातात दिला आणि ते स्वतः पोरांच्या ओळीत जाऊन बसले. जागा नव्हती. एक पोरगं दचकून बाजूला सरकलं, तेव्हा कुठं मास्तरांची मांडी नीट बसली.

बिभीषणला आधी खडू कसा धरावा तेच कळेना. त्यानं तो या हातातून त्या हातात घेतला, घसा साफ केला. मग गोलावर एक कण काढला आणि त्या कणापासून आत, ठिपक्याकडं, गोल गोल फिरत जाणारी रेघ ओढली.

“हे बघा,” तो म्हणाला. “मधलं जर ओढतंय, तर ह्यानं आत पडाय पायजे. पर पडत न्हाई. पडलं आसतं तर ही भिंत उभी राह्यली नसती, आपुन बी न्हाई. मग ह्याला धरून ठेवतंय कोण?”

पोरं पुढं झुकली. कुणीतरी मागून म्हणालं, “धरून ठेवत नसंल, त्याची वाटच ठरलेली आसंल.” दुसरा म्हणाला, “कुणी ठरवली बे?” आणि एकच गलका सुरू झाला. मास्तरांनी कुणालाच गप्प केलं नाही.

दारात मोहतमीम साहेबांनी एका पायात जोडा घातला होता. दुसरा पाय तसाच जोड्यावर टेकवून, चौकटीला हात लावून ते फळ्याकडं बघत उभे होते. टांगा आलाय, असं धोंडीराम मास्तरांनी त्यांना पुन्हा एकदा सांगितलं.